चौकोनी डाग आणि बाकीची पत्रं

मागच्या अंकात मी लेसरचा उल्लेख एका ओळीत केला होता. त्या एका ओळीने पत्रांचा गठ्ठा आणला. केसांसाठी, डागांसाठी, खड्ड्यांसाठी त्वचेवर प्रकाश मारून घेतला आणि पुढे हे असं झालं, अशी ती पत्रं आहेत. त्यातली सात इथे घेते. नावं सगळ्यांचीच गाळली आहेत. पहिल्या पत्राला जागा जास्त दिली, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : वय 34. हनुवटी आणि मानेवरच्या केसांसाठी आयपीएल घेते. तीन सिटिंग व्यवस्थित झाल्या. चौथीच्या आधी आठवडाभर उघड्या तलावात पोहायला जात होते. कुणी विचारलं नाही, मीही बोलले नाही. या वेळी नेहमीपेक्षा जास्त चटका बसला, तर ‘सहन करा, केस जळतायत’ असं उत्तर मिळालं. रात्रभर आग झाली. सकाळी मानेवर चौकोनी पट्टे उठले होते, मग त्यांवर बारीक खपल्या धरल्या. आता तीन आठवडे झाले. चार पट्टे तपकिरी आहेत आणि एक मधोमध पांढुरका. ‘दुसरं लेसर मारून डाग घालवू’ म्हणतात. मारून घेऊ का?

उत्तर : नको. आत्ता तर मुळीच नको. कारण सांगते, पण त्याआधी ते पट्टे चौकोनी का आले ते बघू.

आयपीएल, म्हणजे ‘इन्टेन्स पल्स्ड लाइट’, हे लेसर नव्हे, जरी पाटीवर दोन्ही एकाच नावाने खपत असले तरी. लेसर एकाच तरंगलांबीचा प्रकाश देतं. आयपीएलमध्ये झेनॉनचा दिवा लखकन पेटतो आणि साधारण 500 ते 1200 नॅनोमीटरपर्यंतचा सगळा प्रकाश एकदम बाहेर पडतो. त्यातला नको तो भाग गाळायला पुढे फिल्टर असतो. हा प्रकाश हँडपीसच्या, म्हणजे मशीनच्या त्वचेवर टेकवायच्या भागाच्या, काचेतून येतो आणि ती काच असते लांबट चौकोनी. म्हणून भाजलं की त्वचेवर त्या काचेचाच शिक्का उठतो. असा डाग दिसला की काय झालं ते मला विचारावं लागत नाही.

आता भाजलं का? 1983 मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघांनी एक तत्त्व मांडलं आणि आजची बहुतेक मशीन त्यावरच चालतात. प्रकाशाचा रंग आणि तो किती वेळ द्यायचा, हे दोन्ही नेमके निवडले तर हवी ती गोष्ट तापते आणि शेजारची वाचते. केसांच्या बाबतीत तापवायचं असतं ते केसातलं मेलॅनिन, म्हणजे काळा रंग. अडचण अशी की तेच मेलॅनिन त्वचेच्या वरच्या थरातही आहे. पोस्टमनला नुसतं आडनाव सांगितलं आणि खोली नंबर सांगितलाच नाही, तर त्या आडनावाचं जे पहिलं दार लागेल ते तो ठोठावणार. प्रकाशाला पहिलं दार लागतं ते वरच्या थराचं.

तुमच्या पहिल्या तीन सिटिंगच्या वेळी त्या दाराआड फारसं कुणी नव्हतं. आठवडाभराच्या उन्हाने मान रापली, मेलॅनिन वाढलं, आणि मशीनवरचा ताकदीचा आकडा मात्र तिसऱ्या वेळचाच राहिला. जो प्रकाश केसाच्या मुळाशी जायचा तो वरच अडला आणि तिथेच उष्णता झाला. ‘जास्त दुखलं म्हणजे जास्त काम झालं’ हे साफ खोटं आहे. नेहमीपेक्षा वेगळा चटका बसला की तिथल्या तिथे हात वर करायचा आणि मशीन थांबवायला लावायचं.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, पण हे पुस्तकातून सांगत नाही. नवीन मशीन आलं की पहिला शॉट मी स्वतःच्या डाव्या हातावर मारते, मनगटापासून चार बोटं वर. एका वर्षी सुट्टीहून परतले ती रापलेला हात घेऊनच, आणि आकडे सवयीने जुन्या मशीनचे ठेवले. जेल पुसलं तेव्हा काहीच दिसलं नाही. पाचएक मिनिटांनी बघते तर चार सेंटिमीटर लांब आणि एक रुंद असा पट्टा राखेसारखा करडा पडलेला. लाल नव्हे, करडा. वरचा थर भाजल्याची ती पहिली खूण. संध्याकाळी तो लाल झाला, दुसऱ्या दिवशी काठावर दोन फोड आले आणि आठवड्याने खपली पडली. खालून जो तपकिरी पट्टा निघाला तो जायला सात महिने लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला, अगदी दहाव्यांदा आलेल्यालाही, आधी ‘उन्हात गेला होता का’ विचारते आणि मग बाही वर करायला सांगते. झाकलेल्या त्वचेचा रंग आणि उघड्या त्वचेचा रंग शेजारी दिसले की बोलण्यापेक्षा ते खरं सांगतात. रंगात फरक दिसला तर निदान चार आठवडे पुढची तारीख.

आता तुमच्या डागांबद्दल. तपकिरी पट्टे म्हणजे त्वचा चिडून जास्त रंग करून बसली आहे. भाजणं, पिंपल, खरचटणं, कशानेही हे होतं आणि मूळचा रंग जितका गडद तितका हा त्रास जास्त. हे पट्टे जातात, पण महिन्यांच्या हिशेबाने. यावर आत्ता दुसरं लेसर मारणं म्हणजे चिडलेल्याला पुन्हा चिमटा काढणं. पांढुरका भाग तिथल्या रंगपेशी दमल्यामुळे दिसतो. बहुतेकदा रंग हळूहळू कडेने भरत येतो. क्वचित तो कायमचा राहतो, हेही सांगायला हवं.

करायचं ते एवढंच : रोज सनस्क्रीन, तेही रंगीत. साधं पांढरं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, पण डोळ्यांना दिसणारा निळा-जांभळा प्रकाशही गडद त्वचेवरचे डाग वाढवतो आणि त्याला अडवतो तो रंगीत क्रीममधला आयर्न ऑक्साइड. त्याबरोबर अॅझेलाइक अॅसिडचं क्रीम त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून सुरू करा. हायड्रोक्विनोन असलेलं क्रीम कुणाच्या सांगण्यावरून परस्पर आणू नका. ते ठरावीक काळ, कुणाच्या तरी नजरेखाली वापरायचं औषध आहे. बोट फिरवल्यावर एखादा पट्टा कडक किंवा उंच लागला तर मात्र थांबू नका. तो रंगाचा प्रश्न नाही, तो व्रण होतो आहे, आणि त्यावर लवकर केलेले उपचार लागू पडतात.

पुढे पुन्हा घ्यायचं असेल तर मशीनचं नाव नव्हे, तरंगलांबी विचारा. 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट, 800च्या आसपासचं डायोड, 1064चं एनडी-यॅग. आकडा जितका मोठा तितका प्रकाश वरच्या मेलॅनिनला कमी अडखळतो. गडद त्वचेला 1064 सगळ्यांत सुरक्षित, आयपीएलमध्ये धोका सगळ्यांत जास्त. शिवाय टेस्ट शॉट मागा, कानामागे किंवा जबड्याच्या खाली, आणि मधे काही दिवस जाऊ द्या. टेस्ट मारून दहा मिनिटांत पूर्ण चेहरा करणारे लोक टेस्ट नुसती उरकतात, तिचा निकाल बघत नाहीत.

प्रश्न : लेसरनंतर प्रत्येक केसाच्या मुळाशी लाल पुळी उठते. फोटो काढून पाठवला तर ‘नॉर्मल’ म्हणाले. खरंच का?

उत्तर : खरंच. केसाच्या मुळाभोवती लाली आणि किंचित सूज, अंगावर काटा आल्यासारखी, ही मुळाला उष्णता पोचल्याची खूण आहे. काही तासांत, फार तर दोन दिवसांत ती बसते. नॉर्मल काय नाही : पाण्याचे फोड, करडे पट्टे, खपली, तिसऱ्या दिवशीही टिकलेली आग. तसं झालं तर नळाचं गार पाणी वीस मिनिटं, बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, फोड फोडायचे नाहीत, आणि डॉक्टरला त्याच दिवशी दाखवायचं. गारव्याचंही प्रमाण असतं. काही लेसरमध्ये शॉटच्या क्षणभर आधी गार वायूचा फवारा येतो. तो जास्त झाला किंवा हँडपीस तिरका धरला तर त्या गारठ्यानेही डाग पडतो, गोल किंवा चंद्रकोरीसारखा. चौकोन दिसला तर बहुधा आयपीएल, कोर दिसली तर फवारा.

प्रश्न : गालांवरची बारीक लव नको म्हणून सहा सिटिंग घेतल्या. लव तशीच आहे आणि कानशिलापासून जबड्यापर्यंत पूर्वी नव्हते असे काळे, जाड केस आलेत. मला सांगतात, ‘आधीच होते, तुमचं आत्ता लक्ष गेलं.’ मी वेडी आहे का?

उत्तर : तुम्ही अगदी शहाण्या आहात. तुमची समजूत काढणाऱ्यांनी थोडं वाचायला हवं. 2002 मध्येच आयपीएलनंतर असे उलटे केस वाढल्याची नोंद झाली आणि पुढे लेसरनंतरही तेच दिसलं. हे बहुतेक चेहरा आणि मानेवर होतं, बारीक लव असलेल्यांत होतं, मूळचा रंग सावळा असणाऱ्यांत आणि हार्मोन्सची गडबड असणाऱ्यांत जास्त होतं.

लवेत रंग जवळजवळ नसतोच. पोस्टमनला आडनावच सापडत नाही. मुळाचा नाश होण्याइतकी उष्णता तिथे पोचत नाही, पण झोपलेल्या मुळाला जागं करण्याइतकी पोचते, असं आम्ही त्वचारोगतज्ज्ञ त्याचं कारण देतो. नवे केस बरेचदा शॉट मारलेल्या भागाच्या कडेला येतात, जिथे ऊब लागली पण मारा झाला नाही. तुमच्या पत्रातलं ‘कानशिलापासून जबड्यापर्यंत’ हे त्या कडेचंच वर्णन आहे.

उपाय गमतीशीर आहे. जे जाड आणि काळे झालेत त्यांच्यात आता रंग आहे, त्यामुळे योग्य ताकदीचं लेसर त्यांच्यावर चालतं. शॉटच्या कडेने गार पट्टी ठेवून ते करायचं. किंवा सुईने एकेक मूळ जाळणारी इलेक्ट्रोलिसिस. वेळखाऊ, कंटाळवाणी, पण तिला रंगाशी देणंघेणं नाही. पांढऱ्या केसावरही चालते. पाळी अनियमित असेल तर आधी हार्मोन्स तपासा. लव मात्र सोडून द्या. चेहऱ्यावरच्या लवेसाठी लेसर मागायला आलेल्यांना मी परत पाठवते आणि त्या दुसरीकडे जाऊन करून घेतात, हेही मला माहीत आहे.

प्रश्न : घरी वापरायचं आयपीएल यंत्र आणलं आहे. दोन भुवयांच्या मधे आणि भुवयांखाली चालेल ना? डोळे घट्ट मिटून घेईन.

उत्तर : नाही. नाही. आणि डोळे मिटल्याने उलट बिघडतं. पापण्या मिटल्या की बुबुळ आपोआप वर सरकतं, म्हणजे नेमकं भुवईच्या दिशेने. पापणी ही शरीरावरची सगळ्यांत पातळ त्वचा, तिच्यातून हा प्रकाश सहज आत जातो आणि आत मेलॅनिनने भरलेली बुबुळाची रंगीत पडदी असते. पोस्टमनचं आणखी एक दार. भुवयांचे केस काढताना डोळ्याच्या आत दाह झाल्याच्या, बुबुळाचा काही भाग सुकून बाहुली वाकडी झाल्याच्या नोंदी आहेत आणि ती बाहुली पुन्हा गोल होत नाही.

बोटाने डोळ्याच्या खोबणीचं हाड चाचपा. त्या हाडाच्या आत काहीही मारायचं नाही. भुवईखालची जागा आतच येते. दोन भुवयांच्या मधलं घरच्या यंत्राने करू नका. दवाखान्यात करत असाल तर डोळ्यांवर धातूची बंद झाकणं हवीत, कापसाचा बोळा नव्हे. कुठलंही सिटिंग घेताना खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर त्या मशीनचाच गॉगल हवा. 755चा गॉगल 1064ला उपयोगाचा नसतो. त्यानंतर डोळा दुखला, उजेड सहन होईना, तर रात्र काढू नका.

प्रश्न : पूर्ण पायांचं लेसर आहे. दुखू नये म्हणून बधिर करणारं मलम दिलंय. घरूनच जाडसर लावून, वर प्लास्टिक गुंडाळून या असं सांगितलंय. एवढ्याने काही होत नाही ना?

उत्तर : होऊ शकतं. माझ्या गठ्ठ्यातलं सगळ्यांत भीतीदायक पत्र हे आहे, आणि लिहिणारीला ते माहीत नाही. त्या मलमात लिडोकेनसारखं औषध असतं. छोट्या जागेवर ते निर्धोक. पण दोन्ही पाय म्हणजे शरीराचा फार मोठा भाग, त्यावर जाड थर, त्यावर प्लास्टिकची ऊब. मग ते त्वचेतून रक्तात उतरतं आणि मेंदू आणि हृदयापर्यंत जातं. अशाच पद्धतीने, पायांच्या लेसरसाठी, मलम लावून वर प्लास्टिक गुंडाळलेल्या दोन तरुणी दगावल्या आणि 2007 मध्ये अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

ओठांभोवती मुंग्या, कानात गुणगुण, तोंडात धातूची चव, चक्कर ही सुरुवात. लगेच मलम पुसून, धुऊन दवाखाना गाठायचा. तुम्ही मात्र तिथवर जाऊच नका. पायांना मलम लागत नाही. गार हवेचा झोत आणि गार टोक असलेलं मशीन पुरतं. सहन होत नसेल तर एका दिवशी एक पाय करा.

प्रश्न : ओठांच्या कडेला गुलाबी कायमचा मेकअप केला होता, तो आता नको झालाय. लेसरने दोन सिटिंगमध्ये जाईल असं म्हणतात. तसंच, मुरुमांसाठीच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या संपून दोन महिने झालेत; खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल लेसरही त्याच वेळी उरकायचा विचार आहे.

उत्तर : दोन प्रश्न आहेत, दोन्हींना थांबा असंच उत्तर आहे.

गुलाबी, त्वचेच्या रंगाच्या आणि पांढऱ्या शाईत बहुधा आयर्न ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं. टॅटू काढणाऱ्या लेसरचा झटका बसला की या रसायनांचं रूपच बदलतं आणि गुलाबी रेघ डोळ्यांदेखत काळी होते. गंजाचा तांबूस रंग काळा पडावा तशी. ती काळी शाई पुढे निघते, पण बऱ्याच सिटिंगनंतर. म्हणून आधी ओठाच्या कोपऱ्यात दोन मिलिमीटरचा एकच शॉट, मग काही आठवडे वाट. पहिल्याच दिवशी पूर्ण ओठ करतो म्हणणाऱ्याकडून उठून या.

आयसोट्रेटिनॉइननंतर सरसकट सहा महिने थांबण्याचा जुना नियम 2017 मध्ये तज्ज्ञांनी सैल केला, केस काढण्याचं लेसर आणि त्वचा न सोलणारी लेसर यांच्यासाठी तरी. तुमचं फ्रॅक्शनल त्वचेला बारीक छिद्रं पाडणारं असेल तर मी सहा महिने पुरे होऊ देईन. आणि एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही : ओठांच्या कडेला अधूनमधून पाण्याच्या फोडांचा घोस येतो का? येत असेल तर आधी सांगा. तो हर्पिसचा विषाणू असतो, नसेत दडून बसतो, लेसरच्या उष्णतेने जागा होतो आणि सोललेल्या चेहऱ्यावर पसरला तर व्रण ठेवून जातो. त्यावरच्या गोळ्या आधीपासून चालू केल्या की प्रश्न मिटतो. सुरुवातीच्या वर्षांत हे विचारायचं मी एकदा विसरले. पाचव्या दिवशी तो चेहरा समोर आला तेव्हापासून तो प्रश्न माझ्या कागदावर सगळ्यांत वर, लाल शाईत आहे.

प्रश्न : मी ग्राहक नाही, मशीन चालवणारी आहे. दिवसाला आठ-दहा जणांचं करते. सगळे ‘लेसरने कॅन्सर होतो का’ विचारतात. मला मात्र काळजी जळक्या वासाची वाटते.

उत्तर : ग्राहकांना सांगा, हा प्रकाश दिसणारा आणि अवरक्त आहे. त्वचेच्या कॅन्सरला कारण होतात ते अतिनील किरण, ते यात नाहीत. धोका वेगळा आहे : तीळ. संशयास्पद तिळावर शॉट बसला तर त्याचा रंग फिका पडतो आणि पुढे कुणाला त्यातलं दुखणं ओळखू येत नाही. तीळ पांढऱ्या पेन्सिलीने झाकून ती जागा सोडत जा.

तुमची काळजी रास्त आहे. जळलेल्या केसांच्या धुरावर 2016 मध्ये एक अभ्यास आला. धूर ओढणारं यंत्र चालू असतानाही हवेतले अतिसूक्ष्म कण आठपटींहून जास्त वाढले आणि ते यंत्र अवघी 30 सेकंद बंद ठेवलं तर सव्वीसपट. धुरात कॅन्सरशी संबंध असलेली रसायनंही सापडली. ग्राहक महिन्या-दीड महिन्याने एकदा हुंगतो, तुम्ही रोज. तेव्हा मालकाकडे धूर ओढणारं यंत्र मागा, पंखा नव्हे. पंखा तो धूर खोलीभर फिरवतो. साध्या कापडी मास्कने हे कण अडत नाहीत, एन-95 वापरा. केस शॉटच्या आधी अगदी मुळापर्यंत वस्तऱ्याने काढलेले असू देत. वर खुंट राहिले की तेच जळतात, धूर वाढतो आणि त्वचेवर ठिपके भाजतात. धूर ओढणाऱ्या नळीचं तोंड शॉटपासून पाच सेंटिमीटरच्या आत धरा. बहुतेक खोल्यांत ती नळी भिंतीच्या हुकाला छान गुंडाळून टांगलेली असते.